सुतकातला साखरपुडा

आमच्या नात्यात त्या रविवारची गोष्ट अजून सांगितली जाते. लग्नकार्यात चार म्हातारे एकत्र बसले की कुणीतरी विषय काढतंच. माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मांडव घातला होता, त्याच दिवशी गावी काका वारले. गावाहून फोन आला, पण तळमजल्यावरच्या बाईने निरोप वर पोचवलाच नाही. त्यामुळे एकुलत्या एका मुलाच्या हातून बापाला अग्नी मिळाला नाही. ऐकणारा हळहळतो. "काय तरी माणसं असतात," म्हणतो. मी तिथेच बसलेला असतो आणि मान हलवतो.

ही गोष्ट खोटी आहे, आणि ती माझ्यामुळे खोटी आहे. खरी अशी.

गिरण्यांचा संप फिसकटून दोन-तीन वर्षं झाली होती. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, गिरणीतून बाहेर फेकला गेला आणि लालबागची खोली सोडून आमच्याकडे राहायला आला. मी विक्रोळीला कारखान्यात सुपरवायझर होतो. शब्द टाकून त्याला तिथेच हंगामी कामाला लावला. त्याचं त्याला फार ओझं वाटे. मी नुसतं "अरे, जरा" म्हटलं की तो उठून उभा राही. बायको त्याला हसायची, "भावजी, निदान काम काय ते तरी ऐकून घ्या!" तो म्हणायचा, "वहिनी, दादा सांगेल ते करायचं आणि तुम्ही वाढाल ते खायचं. डोक्याला ताप नाही."

बहिणीचं लग्न लांबलं होतं. वडील नव्हते, त्यामुळे सगळं माझ्यावर. दोन ठिकाणी ठरत ठरत मोडलं होतं. तिसरं स्थळ बोरीवलीचं आलं. मुलगा मस्कतला नोकरीला, रजेवर आलेला, त्याच आठवड्यात परत जायचा. मुलगा सरळ होता. त्याची आई मात्र शकुन-अपशकुन पाहणारी. पत्रिका तीन गुरुजींना दाखवून मग होकार दिलेला. त्या बाईंचा एक प्रश्न मला अजून आठवतो. "तुमच्याकडे अलीकडे काही वाईट नाही ना घडलं?"

काका येणार होते, पण दमा उठला म्हणून राहिले. स्वतः येता आलं नाही तर आंबे पाठवले, खेडच्या बाजूच्या एका गाडीवाल्याच्या हाती. पेंढ्यात भरलेल्या पेट्या आमच्या पलंगाखाली आठवडाभर पिकत होत्या. म्हणून बेत रसाचा ठरला. चुलतभाऊ मध्येच एकदा म्हणाला होता, "दादा, बाबांना बघून येऊ का दोन दिवस?" मी म्हटलं, "साखरपुडा होऊ दे की. मग चांगला आठवडा काढून जा." तो म्हणाला, "ते पण बरोबर."

रविवारी पहाटेपासून धांदल. नळाला पाणी असेपर्यंत पिंपं भरायची, मंडपवाल्याकडून खुर्च्या आणायच्या, बर्फाची लादी आणायची. चुलतभाऊ बनियनवर गच्ची ते तळमजला चढउतार करत होता. मी फुलं आणून जिना चढत होतो, तेव्हा तळमजल्याचं दार उघडलं आणि ताईंनी मला हाक मारली.

ताई आणि त्यांचे यजमान दोघं नोकरी करणारे. त्या टेलिफोन खात्यात होत्या, म्हणून साऱ्या इमारतीत फोन तेवढा त्यांच्याकडे. सगळ्यांनी आपापल्या गावी तोच नंबर देऊन ठेवला होता. रात्री-अपरात्री फोन आला तरी त्या नाइटीवर शाल ओढून चौथ्या मजल्यापर्यंत सांगायला येत. कधी कपाळाला आठी नाही. मूळच्या साताऱ्याकडच्या, बौद्ध. हे लिहायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा हात आहे. आईचा त्यांच्याशी घरोबा होता. लोणच्याच्या बरण्या खाली जात, त्यांची मुलगी आमच्याकडे खेळायला येई. पण आई त्यांच्या घरी चहापलीकडे काही घेत नसे, आणि ताईंनीही कधी आग्रह केला नाही.

"भाऊ, आत या जरा," त्या म्हणाल्या. आवाज खाली. "खेडहून फोन होता. तुमचे काका पहाटे गेले. ते लोक म्हणाले, मुलाला लगेच पाठवा, दिवस मावळेपर्यंत थांबतो."

मी काय बोललो ते आठवत नाही. फुलांची पिशवी हातात होती. वर गच्चीवरून चुलतभावाचा आवाज येत होता. तो मंडपवाल्याशी भांडत होता. "अरे यार, दोन खुर्च्यांचे पाय मोडलेत! पाहुण्यांना पाडायला दिल्यास का?"

"बोलावू त्याला?" ताईंनी विचारलं.

"नको. मी सांगतो."

तेव्हा निघाला असता तर टॅक्सीने ऊन कलायच्या आत पोचला असता. हा हिशेब मी तिथेच, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहून केला होता. कळलं नाही, सुचलं नाही, असं काही नव्हतं.

भावकीत मृत्यू म्हणजे आम्हाला दहा दिवस सुतक. साखरपुडा झालाच नसता. मुलगा मस्कतला निघून गेला असता, आणि त्याच्या आईला हवं ते कारण मिळालं असतं. बोलणं ठरलं त्या दिवशी घरात मौत, म्हणजे पोरगी पांढऱ्या पायाची. हा शिक्का एकदा बसला की निघत नाही. बहीण वर आरशासमोर बसली होती. शेजारच्या दोघीजणी तिच्या वेणीत गजरा माळत होत्या.

आमच्याकडे जुनी माणसं सांगत, सुतक कानावर आल्यापासून. कळलंच नाही तर लागत नाही. परगावी राहणाऱ्या माणसांसाठी कधीतरी काढलेली ही सोय. मी ती दोन्ही हातांनी धरली. माझ्या एकट्याच्या कानावर आलंय, मला एकट्याला लागलं. बाकीच्यांना संध्याकाळी सांगितलं की संध्याकाळपासून.

चुलतभावाला तेवढा बाजूला घेऊन गुपचूप काढून देता आलं नसतं का? आलं असतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्याच्या पोटात काही राहत नसे, त्याने जिन्यातच हंबरडा फोडला असता. ते खरंही आहे. पण त्याच्या खाली आणखी एक आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. रस काढायचा होता, पंगत वाढायची होती, वरपक्षाला स्टेशनवरून आणायचं होतं, आणि हे सगळं तोच करणार होता. त्याच्याशिवाय माझं अडलं असतं.

"कुणाचा फोन?" मी वर आल्यावर आईने विचारलं. ताईंची हाक तिने ऐकली होती.

"कंपनीतून," मी म्हटलं.

साखरपुडा छान झाला. हे लिहिताना हात जड होतो, पण छानच झाला. गणपतीपूजनाला यजमान म्हणून मी बसलो. सुतकात देवाला शिवू नये, हे मला लहानपणापासून ठाऊक. गुरुजी सांगत होते तसं पाणी सोडत होतो. मुलाच्या आईने बहिणीची ओटी भरली, साडी दिली, साखरेचा पुडा हातात ठेवला. फोटोवाल्याचा फ्लॅश दोनदा उडालाच नाही, तेव्हा चुलतभाऊ ओरडला, "अरे, घेऊन ठेव नीट! नवरदेव मस्कतला काय उशीखाली ठेवणार?" सगळे हसले. मुलाची आईसुद्धा.

रस त्यानेच काढला होता. गच्चीच्या कोपऱ्यात पातेली घेऊन बसला होता, कोपरापर्यंत पिवळा. पंगतीत वाढताना वाटी भरली तरी थांबत नव्हता. "घ्या, लाजू नका. माझ्या बापाच्या कलमांचा आहे. म्हातारा येऊ शकला नाही, पण रस पाठवलाय." वरपक्षाकडचे एक गृहस्थ म्हणाले, "वडिलांना सांगा, असा रस खाल्ला नव्हता." तो म्हणाला, "सांगतो ना. पुढच्याच आठवड्यात जातोय."

मी त्याच पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरत होतो.

ताईंना आम्ही सहकुटुंब बोलावलं होतं. त्या गच्चीवर आल्या आणि चुलतभावाला वाढताना पाहून दारातच थबकल्या. मग मला टाकीच्या मागे गाठलं.

"भाऊ, हा अजून इथेच?"

मी म्हणालो, "सांगितलंय त्याला. तोच म्हणाला, बहिणीचं होऊ दे, जेवणं आटपली की निघतो. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाला."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं कसं पेलतोय हो तो?"

"तुम्हीही काही दाखवू नका त्याला," मी म्हणालो.

"मघाशी परत फोन आला होता. निघाला का, विचारत होते. काय सांगू?"

"सांगा, निघाला."

त्यांनी तसं सांगितलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सांगितलं. गावी माणसं रस्त्याकडे डोळे लावून बसली, वैशाखातल्या उन्हात, प्रेत अंगणात ठेवून.

शेवटच्या पंगतीला चुलतभाऊ बसला तेव्हा ताई त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोटभर जेवून घे, बाळा. पुढे ताकद लागेल." तो हसला. "ताई, ताकद कसली, आता फक्त खुर्च्या परत न्यायच्यात." त्या खाली गेल्या.

वरपक्ष गेला, मांडव उतरला, आणि दिवेलागणीनंतर मी त्याला घरात बोलावून म्हणालो, "आत्ताच फोन आला रे." बाकी वर्णन करत नाही. तो रात्रीच्या एसटीने गेला. काकांना अंधार पडल्यावर भावकीतल्या एकाने अग्नी दिला होता. तो पोचला तेव्हा राख होती.

तेरावं करून तो मुंडण केलेल्या डोक्याने परत आला. पिशवी वर ठेवायलाही आला नाही. तळमजल्याचं दार ठोठावताना त्याचा आवाज चढला, तशी इमारत जिन्यात गोळा झाली. मीही उतरलो.

"ताई, सकाळी फोन तुम्ही घेतला होता?"

"हो."

"आणि दुपारी तुम्हीच सांगितलंत, निघाला म्हणून?"

"हो. पण—"

"मला का नाही सांगितलं? माझा बाप अंगणात पडला होता आणि मी रस वाढत होतो!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मी भाऊंना लगेच सांगितलं. इथेच. सकाळी."

सगळे माझ्याकडे वळले. आई दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी होती. बहिणीचं लग्न अजून व्हायचं होतं. मुलाच्या आईला जर कळलं की मुलीच्या भावाने सुतक लपवून ओटी भरवून घेतली, तर? हे सगळं डोक्यात आलं. पण त्याहून आधी आली ती नुसती भीती.

"मला नाही सांगितलं कुणी," मी म्हणालो. आणि मग वर दिलदारपणा दाखवला. "जाऊ दे रे. त्या दिवशी गडबड होती, विसरल्या असतील."

"मी विसरले?" ताई म्हणाल्या.

"मग पंगतीत मला जेवून घे, जेवून घे कशाला म्हणत होतात?" चुलतभाऊ ओरडला. "माहीत होतं ना तुम्हाला? आणि मला खायला घालत होतात?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तो खोटाच वाटला. त्यांचे यजमान पुढे आले, "आमच्या हिने कधी कुणाचा निरोप—" पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. वरून आईचा आवाज आला, "त्यांच्यात कुठं असतंय सुतक नि अग्नी. त्यांस्नी काय कळणार त्याचं?"

ताईंचं घर बौद्ध नसतं तर आईचं ते वाक्य आलं नसतं, आणि ते आलं नसतं तर लोकांनी कदाचित मला आणखी एक प्रश्न विचारला असता. तो कुणी विचारला नाही. ताईंनी आईकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरही इमारतीतले लोक त्यांच्याकडे फोन घ्यायला जात. फोन घेत, आणि बोलणं टाळून परत येत. आमच्याकडून लोणचं खाली जाणं थांबलं. वर्षभरात ते कुटुंब विक्रोळीला राहायला गेलं. टेम्पो भरत होते तेव्हा मी वर खिडकीत होतो. खाली गेलो नाही.

बहिणीचं लग्न झालं, संसार चांगला झाला. कोणावर काही कोसळलं नाही. कधी कधी वाटतं, काहीतरी वाईट घडलं असतं तर मी लवकर बोललो असतो.

गेल्या वर्षी चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. जेवणानंतर विषय निघाला आणि त्याने ती गोष्ट पुन्हा सांगितली. आता तो छान सांगतो, रसासकट. घरातल्या एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "आजोबा, पण ती असं का वागली?" तो म्हणाला, "जात, दुसरं काय." मुलीने समजल्यासारखी मान हलवली. ती त्या रविवारी जन्मलेली नव्हती, तिची आईसुद्धा शाळेत होती. माझं खोटं तिच्यापर्यंत पोचलं होतं आणि पुढेही जाणार होतं.

चार दिवसांनी मी त्याच्याकडे डोंबिवलीला गेलो आणि सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकत होता. मी पाया पडायला वाकलो, माझ्याहून लहान भावाच्या, तर त्याने पाय मागे घेतले.

"ती आहे का अजून?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"शोध."

ताईंच्या खात्यातल्या एका निवृत्त बाईंकडून पत्ता मिळाला. विक्रोळीतच, कन्नमवार नगरात, मुलीकडे. आम्ही दोघे गेलो. मुलीने दार उघडलं, आमच्या घरात खेळायला येणारी ती, आता केस पिकलेली. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने आत या म्हटलं नाही. आतून ताईंचा आवाज आला, "येऊ दे."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. हातात काठी. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. चुलतभाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि रडू लागला. "ताई, मी लोकांत तुमच्याबद्दल नको ते बोललो. आयुष्यभर बोललो."

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या बापाचं वाईट वाटलं रे मला. जिन्यातल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी वर आले होते मी, तुझ्या काकूला भेटायला. तिनं दार उघडलं नाही."

मग मी बोललो. सगळं. त्या ऐकत होत्या, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "इथं चार भिंतींत कशाला सांगता? तेव्हा जिन्यात सांगितलं होतंत, सगळ्या बिऱ्हाडांसमोर. माझे मालक शेवटपर्यंत म्हणायचे, तू विसरली तर नव्हतीस ना खरंच? त्यांना पण शंका आली होती. माझ्या नवऱ्याला." आणि पुढे म्हणाल्या, "आता सगळ्यांसमोर सांगा. मग माफीचं बघू."

तो जिना आता नाही. इमारत पाडून तिथे टॉवर झाला. बिऱ्हाडं पांगली, कोण वसईला, कोण बदलापूरला, बरीचशी कुठेच नाहीत. आई नाही. मुलाची ती आई नाही. बहिणीला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, हे तू माझ्यासाठी केलंस असं लोकांना सांगू नकोस. मला विचारलं नव्हतंस." तिचंही बरोबर आहे. म्हणून ते कारण मी मागे घेतो.

सगळ्यांसमोर सांगायला माझ्याकडे आता हेच आहे, लिहिणं. त्या इमारतीतलं कुणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या घरात ती गोष्ट कुणी सांगितली असेल, तर नीट ऐका. ताईंनी निरोप आल्या आल्या दिला. मुलाला बोलावू का हे विचारलं, पुन्हा येऊन आठवण केली. त्यात त्यांची काही चूक नाही, आणि त्यांच्या जातीचा तर काही संबंधच नाही. निरोप माझ्यापाशी थांबला.

त्या दिवशी ताईंकडून, विक्रोळीहून निघताना मी रिक्षा थांबवली. चुलतभाऊ बसला नाही.

"दादा, तू हो पुढे," तो म्हणाला. "मी बसने जातो."

"अरे, स्टेशनपर्यंत तर—"

"नको. आज नको."

लिहून झालं की हे मी ताईंच्या मुलीकडे नेऊन देणार आहे. त्याने एक प्रत मागितली आहे, पण पोस्टाने पाठव म्हणाला.